नाव घातलेली गादी

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायची हिंमत होते आहे. येत असतं तर पहिल्या ओळीलाच म्हणाला असता, "नसीमच्या अम्मी, घरातलं घरात राहू द्या." घरात आपण दखनीत बोललो, भांडलो तेही दखनीत. पण मला अक्षर येतं ते मराठी, देगलूरच्या शाळेतलं, चौथीपर्यंतचं. त्यात बसेल तेवढं लिहिते.

तुम्ही गेलात आणि मी इद्दतीत बसले आहे, चार महिने दहा दिवस. बाहेर जायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. शेजारच्या बायका येतात आणि विचारतात, कसे काढणार गं इतके दिवस घरात? मला हसू येतं. मी आधी तरी कुठं जात होते? पूर्वी पडद्यापलीकडून तुमच्या पिंजायच्या यंत्राचा आवाज यायचा, तो आता बंद आहे. कापसाची धूळ बसली, ती नसीमनं पुसून काढली. लग्न होऊन आल्यापासून एवढं स्वच्छ घर मी पाहिलं नव्हतं, आणि आता ते बघवत नाही.

तुमच्या मातीला पुष्कळ माणूस आलं. जावई सांगत होते, कब्रस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. जळकोटची पेठ दुपारपर्यंत बंद होती. आपल्यात कबरीवर भाषणं नसतात, पण तुमच्यासाठी झाली. लातूरहून शरणप्पा आले होते. त्यांनी सगळ्यांबरोबर तीन मुठी माती दिली आणि मग बोलले. जावयांनी मला ते कौतुकानं जसंच्या तसं सांगितलं: "सगळे मुसलमान रशीदमामूसारखे असते, तर या देशात भांडणच राहिलं नसतं."

सांगताना जावयांचे डोळे भरून आले. मी मान हलवली. मनात म्हटलं, घ्या. आम्हालाही चारचौघांसारखं समजा, एवढंच सांगत तुम्ही जन्मभर फिरलात. आणि मेल्यावर लोकांनी काय केलं, तर त्या सगळ्यांतून तुम्हालाच वेगळं उचलून बाजूला ठेवलं.

हे भांडण आपलं जुनं आहे. तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात, म्हणून मी एकटीच पुढं चालवते.

भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. तुम्ही चौकात मिरवणुकीला सरबत पाजून दमून आला होता. पहाटे जमीन हलली. आपल्याकडं फळीवरची भांडी पडली आणि भिंतीला चीर गेली, तेवढंच. दिवस वर आला तसं कळलं की किल्लारीकडं गावंच्या गावं अंथरुणातच गाडली गेली. तुम्ही दुकानातल्या तयार गाद्या, रजया, सगळं ट्रकात भरायला लागलात. मी आतून म्हटलं, "अहो, त्या गिऱ्हाइकांच्या आहेत." तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक आठ दिवस जमिनीवर झोपलं तर मरत न्हाई." आणि कुदळ घेऊन ट्रकात चढलात.

परत आलात तेव्हा अंगाला जो वास होता तो मला अजून येतो.  तिथलं तुम्ही एकदाच सांगितलंत, ते एका खड्ड्याचं.

एका गावात एक तरुण बापाच्या प्रेताजवळ बसला होता. बाकीच्यांना एकत्र अग्नी देणं चाललं होतं आणि हा बापाला हात लावू देत नव्हता, कारण ते लिंगायत. लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात, एवढं तुम्हाला ठाऊक होतं. कबर खणायचा तुमच्या हाताला सराव. भर पावसात तुम्ही खड्डा खणला, माणूस आडवा मावेल असा, आपल्यासारखा. तो तरुण आला, खड्ड्यात बघितलं आणि म्हणाला, "मामू, ह्यो तुमचा झाला. आमच्यात झोपवीत न्हाईत. बसवत्यात."

तुमच्याबरोबरची माणसं उपाशी होती, हात सोलले होते. त्यांतला एक म्हणाला, "ठेवा आता ह्यातच. एवढ्या मयतीत कोण बघायला येतंय?" तुम्ही त्याला म्हणालात, "तुझ्या अब्बाला कुणी बसवून पुरलं तर चालंल का तुला?" मग त्या तरुणाकडं वळलात, "चुकलं बाबा माझं. तुमचा पयल्यांदाच खणून राहिलो." आणि तो रडता रडता हसला. तुम्ही पहिला खड्डा बुजवला आणि दुसरा खणला, चौकोनी, खोल, एका अंगाला बसायला कोनाडा काढून. तो तरुण सांगत गेला तसं. बेलाचं पान कुठून आणणार, तर कडुलिंबाची डहाळी ठेवली.

तो तरुण म्हणजे शरणप्पा.

त्यानंतर जळकोटात लिंगायताच्या घरी कुणी वारलं की तुम्ही कुदळ घेऊन हजर. पुढं पुढं तर कुणी बोलवायला आलं की विचारायचात, "आडवा का चौकोनी?" बोलवायला आलेलं माणूस दुःखातही हसायचं. मशिदीत नव्यानं आलेला एक माणूस मात्र हसला नाही. नाव लिहीत नाही. तो जसा आला तसाच एक दिवस गाव सोडून गेला. आपल्या जवान पोरांना जमवून सांगायचा की गणपतीचं सरबत पाजणं गुनाह, दिवाळीचा लाडू खाणं गुनाह, त्यांच्या मयतीला जाणं तर ईमान गमावणं. भर जमातीत त्यानं तुम्हाला विचारलं, "मुर्दा त्यांचा, कबर तुम्ही का खणता?" तुम्ही म्हणालात, "कुदळ माझी हाय म्हणून. तुम्ही धरता का दुसरं टोक?" पोरं हसली आणि त्याची बैठक तिथंच मोडली. त्या पोरांतली दोन-तीन तरी तुम्ही त्या दिवशी परत आणलीत. त्यांच्या आया मला अजून हात धरून सांगतात. ते मी नाकारत नाही. ते नाकारलं तर अल्लाह मला विचारील.

पण त्या माणसाचं तोंड तुम्हाला बंद करता आलं ते आपल्या घरात, आपल्याच माणसांत. दुसऱ्यांच्या घरात तुम्ही तोंड बंदच ठेवलंत, तुमचं स्वतःचं.

कुठंतरी लांब बॉम्ब फुटला की तुम्ही चार म्हाताऱ्यांना घेऊन चौकात निषेधाचा बोर्ड धरून उभे. मी म्हणायची, "त्यांच्यातल्या कुणी काही केलं तर त्यांचे म्हातारे येतात का बोर्ड घेऊन?" तुम्ही म्हणायचात, "त्यांना लागत न्हाई, आपल्याला लागतं." मी म्हणायची, "का लागतं?" यावर तुम्ही जेवणाकडं बघायचात.

मग तुम्ही मशीद दाखवायचं काढलंत. वर्षातून एकदा सगळ्यांनी या, आत काय असतं ते बघा. बायकांनाही बोलावलंत, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. पेठेतली एक म्हातारी चारी कोपरे बघून म्हणाली, "अगं बया, हितं तर काहीच न्हाई! देव न्हाई, दिवा न्हाई, नुसत्या चटया. मंग एवढं दडवून काय ठिवता गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तिच्या मनात काही नव्हतं. पण तिच्यामागं उभी असलेली तिची शिकलेली सून हसली नाही. ती गुपचूप मागच्या खोलीचं दार ढकलून बघत होती. तिथं मयतीचा पलंग ठेवलेला असतो. तो बघून ती दचकली. मला वाटलं, बरं झालं.

आणि ईदेचं ते पातेलं. शाकाहारी पाहुण्यांना शंका नको म्हणून तुम्ही नवं पातेलं आणलंत. त्यात शिरखुर्म्याशिवाय काही शिजवायचं नाही, आपल्या चमच्याचा स्पर्श नाही. वर्षभर ते माळ्यावर कापडात बांधून राहायचं. पाहुणे ओसरीत खायचे, मी आतून वाट्या भरून द्यायची. दरसाल शरणप्पा लातूरहून यायचे, खुर्मा खायचे आणि चौकोनी खड्ड्याची गोष्ट सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे. मी पडद्याआड उभी राहून ऐकायची, हातात ते पातेलं, आपल्याच घरात आपल्यालाच न चालणारं.

लातूरला क्लास वाढले तसे आपले दिवस बदलले, हेही खरं. दहावीचा निकाल लागला की आपल्या तालुक्यातली पोरं ट्रंका घेऊन लातूरला निघायची, आणि प्रत्येकाला गादी लागायची. एकाच टेम्पोत सगळ्यांच्या गाद्या जायच्या. लातूरला उतरवताना घोळ व्हायला लागला, याची गादी त्याच्या खोलीवर. तेव्हा तुम्ही मला लाल दोरा आणून दिलात. म्हणालात, "तुला अक्षर येतं. कोपऱ्यात नाव घाल." शाळा सुटल्यापासून मी काही लिहिलं नव्हतं. पहिलं नाव घातलं ते एका बिरादाराच्या पोराचं. बि ऱ्हस्व की दीर्घ म्हणून मी अर्धा दिवस अडले. तुम्ही ती गादी दुकानात येईल त्याला दाखवलीत, "बघा, आमच्या घरात लिव्हणारं माणूस हाय." तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी बोट फिरवून बघितलंत. पाटील, देशमुख, कांबळे, स्वामी, मुंडे. सगळ्यांची लेकरं माझ्या टाक्यांवर डोकं ठेवून डॉक्टर झाली. लाजऱ्या बाईला तुम्ही तेवढं एक काम दिलंत ज्यात तोंड उघडावं लागत नव्हतं. त्या लाल दोऱ्यासाठी मी तुमची ऋणी आहे, आणि हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

मग आपली नसीम दहावी झाली. शाळेत पहिली आली. तिच्या गादीला तुम्ही निवडून कापूस घातलात. मी नाव घातलं, नसीम नदाफ. तुम्ही तिला घेऊन लातूरला गेलात. एवढ्या मोठ्या गावात तुम्ही एकच घर धरून गेलात, शरणप्पाचं. भूकंपानंतर ते गाव सोडून लातूरला आले होते, क्लासच्या जवळ घर बांधून त्यांनी पोरींना खोल्या दिल्या होत्या. संध्याकाळी तुम्ही परत आलात, टेम्पोत गादी आणि गादीवर बसलेली नसीम.

"खोली भरली कालच," तुम्ही म्हणालात.

मी विश्वास ठेवला. वाईट वाटलं, पण भरली तर भरली. चार दिवसांनी पेठेतला एक बाप गादी सांगायला दुकानात आला. मी पडद्याआड टाके घालत होते. तो म्हणाला, "मामू, लवकर द्या. पोरीला शरणप्पाकडं खोली मिळाली बगा, काल. लई नशीब. शेवटची एकच रिकामी व्हती."

तुम्ही "नाव काय घालायचं?" एवढं विचारलंत आणि आत येऊन मला सांगितलंत. माझ्याकडं बघितलं नाहीत. ते नाव मी घातलं. ती गादी तुम्ही स्वतः त्या घरी पोचवलीत. आणि नसीमची गादी त्याच हिवाळ्यात तिच्या रुखवतात धर्माबादला गेली.

आपलं खरं भांडण तेव्हा झालं. मी म्हटलं, एकदा विचारा त्यांना, का? तुम्ही म्हणालात, "बाकीच्या पोरींचे आईबाप खोल्या सोडतील म्हणून भ्यालाय तो. वाईट माणूस न्हाई." मी म्हटलं, वाईट नाही तर विचारायला काय जातं? तुम्ही आवाज चढवलात, तो एकदाच: "बापाचा खड्डा खणला तो काय खोलीसाठी? त्या खड्ड्याचं नाव माझ्या घरात काढायचं न्हाई."

मी खड्ड्याची भरपाई मागत नव्हते हो. बाकीच्यांना मिळते तशी खोली मागत होते. खड्डा खणला नसता तरी मिळायला हवी होती ती. हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आणि तुम्ही ऐकूनही घेतलं नाहीत. पुढच्या ईदेला शरणप्पा आले, खुर्मा खाल्ला आणि खड्ड्याची गोष्ट सांगितली. वाटी मीच भरून दिली होती.

आता नसीमची सना दहावी झाली. नांदेडलाही क्लास आहेत, धर्माबादहून जवळ. पण तिला लातूरच हवं. "अम्मीला मिळालं न्हाई तिथंच जायचंय," असं ती म्हणते, आणि नसीम तिच्यावर ओरडते, पण ओरडताना तिचा आवाज फाटतो.

तुमच्या जियारतीला, तिसऱ्या दिवशी, शरणप्पा पुन्हा आले. ओसरीत जावयांपाशी बसले. मी, नसीम आणि सना पडद्याच्या अलीकडं. ते जोरात म्हणाले, मला ऐकू यावं म्हणून, "वहिनी, मामू माझ्या बापाच्या जागी व्हते. काई लागलं तर नुसतं सांगा."

एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.  मी म्हटलं, "आप्पा, एक खोली लागती. नातीला. भाडं बाकीच्यांएवढंच देऊ."

 मग शरणप्पा म्हणाले, "मामूची नात म्हणल्यावर देणार की. तिची गोष्ट येगळी हाय." नसीमनं माझा हात दाबला. ती रडायला लागली होती. ते पुढं म्हणाले, "नाव काय पोरीचं?"

"सना," जावई म्हणाले.

"हां, बेस हाय. आमच्यातबी ठिवत्यात आता हे नाव. फकस्त आडनाव पोरींत बोलू नगा. डबा शाकाहारी, आन् ईद-बिद घरी येऊन करायची. कुणाला कळायचं न्हाई."

सना माझ्याकडं बघत होती. नसीम मानेनं मला हो म्हण म्हणत होती. त्या एका 'हो'मध्ये लातूर होतं, क्लास होते, नसीमचं राहिलेलं सगळं होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, आभारी आहे आप्पा. आणि पुढच्या ईदेला पातेलं माळ्यावरून काढलं असतं.

मी म्हटलं, "आप्पा, ह्यांनी पयला खड्डा आडवा खणला व्हता. तो बुजवला आन् पावसात दुसरा खणला. तुम्हाला म्हणले न्हाईत, आजच्या दिवस बापाला झोपवा, कुणाला कळायचं न्हाई."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. जावई "आप्पा, बसा, बसा" म्हणत उठले. दाराशी जाऊन शरणप्पा म्हणाले, हळू म्हणाले, रागानं नाही, "मामू असं कधी बोलले नसते."

बरोबर आहे त्यांचं. तुम्ही बोलला नसता.

नसीम त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलत नाही. "जिंदगीभर पडद्याआड गप बसलीस, आन् माझ्या पोरीच्या येळेला तोंड उघडलंस?" तिचंही खरं आहे. जावई म्हणतात, फोन करून माफी मागू. मी म्हटलं, तुम्हाला मागायची तर मागा, माझ्या नावानं नको. शरणप्पांकडून अजून काही कळलं नाही. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. कदाचित घरी जाऊन ते विचार करत असतील. तुम्ही नक्की म्हणाला असता की करत असतील. मला तेवढा तुमच्यासारखा भरवसा ठेवता येत नाही, आणि ठेवू नये असंही आता वाटत नाही. मधेच कुठंतरी अडकले आहे.

तुम्ही खड्ड्याचं नाव घरात काढू नको म्हणाला होता. मी काढलं. माझ्यावर रागवा. वर गेल्यावर भेटू तेव्हा भांडा, दखनीत. मी उत्तर तयार ठेवलं आहे.

तुम्ही पिंजलेला शेवटचा कापूस दुकानात पोत्यात तसाच होता. त्याची मी सनाची गादी भरली. इद्दतीत सुईला मनाई नाही, मी विचारून घेतलं. तुम्ही भरायचात तशी कडेला घट्ट, मध्ये सैल साधली नाही, थोडी उंचसखल झाली आहे. सना त्यावर लोळून बघते आणि म्हणते, "नानाच्या हाताची वाटते." खोटं बोलते, पण बरं वाटतं.

नाव मात्र कोपऱ्यात खालच्या अंगाला घातलं नाही. मोठ्या अक्षरात, दुहेरी लाल दोऱ्यानं, कडेच्या पट्टीवर घातलं, गादी गुंडाळली तरी दिसेल असं. सना शेख. नसीमनं बघितलं आणि दोऱ्याचं निघालेलं टोक कापून टाकलं.

गादी गुंडाळून ओसरीत उभी आहे. आज टेम्पोवाला विचारून गेला, परवा गाद्या भरतोय, मामी, तुमची कुठं उतरवायची? मी पडद्याआडून सांगितलं, लातूरला. पत्ता अजून यायचाय.

"आन् घोळ झाला तर?" तो म्हणाला.

म्हटलं, घोळ होणार न्हाई. नाव लांबूनच दिसतंय.